मोठ्या माणसांतला ईओसिनोफिलिक इसोफेजायटिस: पुढची वर्षं कशी जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सांगली, मिरज, तासगाव, पलूस, जत या भागातल्या पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. बहुतेकांच्या हातात दुर्बिणीचा रिपोर्ट नुकताच पडलेला असतो. 'हा काय प्रकार आहे' याच्या पाठोपाठ 'हे कायमचं आहे का' हे येतंच, म्हणून इथे भर पुढच्या वर्षांवर दिला आहे. आजाराचं नाव लांबलचक आहे, त्यामुळे पुढे सगळीकडे 'ईओई' म्हटलंय. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने औषध सुरू किंवा बंद करू नये.

हा नक्की कसला आजार आहे?

ईओसिनोफिल या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. जंत, दमा, ॲलर्जी यांत त्या वाढतात. जठरात आणि आतड्यात त्या थोड्याफार असतातच, पण अन्ननलिकेच्या अस्तरात एरवी नसतात. काही लोकांचं शरीर रोजच्या अन्नातल्या एखाद्या प्रथिनावर बिथरतं, या पेशी अन्ननलिकेत गोळा होतात आणि तिथे कायम सूज राहते. घास अडकण्यासारखा त्रास असेल, बायोप्सीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय-पॉवर फील्डमध्ये (खूप मोठं करून एका वेळी दिसणाऱ्या भागात) निदान 15 ईओसिनोफिल दिसले आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर ईओई म्हणतात.

बायकांपेक्षा पुरुषांत साधारण तिप्पट आढळतो. निम्म्याहून जास्त पेशंटना दमा, सकाळच्या शिंका, इसब असं काहीतरी जोडीला असतं. स्वतंत्र आजार म्हणून त्याचं वर्णन 1993-94 च्या सुमारास झालं, त्यामुळे त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या पुस्तकात तो नव्हताच. 'इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही' या रागावर निदान अर्धं उत्तर हे आहे.

मग हा कायमचा आहे?

हो. आपोआप कायमचा बरा झालेला मोठा माणूस विरळा. 2003 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी 30 प्रौढ पेशंटचा सरासरी सातेक वर्षं पाठपुरावा करून तो प्रसिद्ध केला. बहुतेकांचा गिळण्याचा त्रास चालूच राहिला. काहींचा वाढला, काहींचा होता तसाच राहिला. पण त्याच अभ्यासात दिलासा देणाऱ्या गोष्टीही होत्या. आजार जठरात किंवा आतड्यात पसरला नाही, कुणाला कॅन्सर झाला नाही. ईओईमुळे आयुष्य कमी होतं असं कुठल्याच अभ्यासात दिसलेलं नाही.

म्हणजे हा जिवावरचा आजार नाही, पण सोबतीला राहणारा आहे. बीपी-शुगरवाल्या माणसाला जसं 'बरं झालं का' असं विचारत नाहीत, 'कंट्रोलमध्ये आहे का' असं विचारतात, तसंच इथे.

औषध न घेता तसंच चालू दिलं तर?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. सूज वर्षानुवर्षं राहिली की अस्तराच्या खालच्या थरात तंतू साचतात. अन्ननलिका ताठर होते, आतून कडी उमटतात आणि हळूहळू ती अरुंद होत जाते. सुजेवर औषध चालतं. तंतूंवर ते फारसं चालत नाही. त्यामुळे आज किती ईओसिनोफिल दिसले यापेक्षा किती वर्षं ते तिथे उपचाराविना बसून होते, याला जास्त किंमत आहे.

स्वित्झर्लंडमधल्याच 200 पेशंटच्या अभ्यासात 2013 मध्ये हे आकड्यांत दिसलं. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ज्यांचं निदान झालं, त्यांच्यातल्या 17 टक्के लोकांची अन्ननलिका अरुंद झालेली होती. ज्यांना वीस वर्षांहून जास्त उशीर झाला, त्यांच्यात हेच प्रमाण 71 टक्क्यांच्या आसपास होतं. निम्म्या पेशंटना निदान व्हायला सहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागली होती. हे स्वित्झर्लंडचं, जिथे हा आजार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. आपल्याकडे 'पित्त आहे' म्हणून किती वर्षं जातात याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

निरोगी अन्ननलिका घन घास जाताना दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फुलते. ती 13 मिलिमीटरच्या खाली आली की भाकरी-मटणासारखा घास जवळजवळ नेहमीच अडतो. अडचण अशी की वीसवरून तेरावर येईपर्यंत माणूस बऱ्यापैकी जेवत असतो.

पण मला आता काहीच त्रास नाही. तरी दुर्बीण कशाला?

जेवता कसे, ते आधी सांगा.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी बहुधा बायको किंवा आई बसलेली असते आणि खरं उत्तर तिच्याकडून येतं. भाकरी नुसती खात नाहीत, आमटीत कुस्करूनच खातात. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो. मटण असलं की रस्सा आणि भात घेतात, फोडी बाजूला सारतात. पंगतीत पहिले बसतात आणि शेवटचे उठतात. मोठी गोळी असली की तोडून किंवा चुरून घेतात. लग्नकार्यात 'मला भूक नाही' म्हणून ताकावर भागवतात. यातलं काहीच पेशंटला 'त्रास' वाटत नाही, कारण सवय इतकी जुनी असते. वर सावकाश चावून जेवणाऱ्याचं आपल्याकडे कौतुकच होतं!

त्यामुळे 'त्रास आहे का' या प्रश्नाला ईओईमध्ये फारसा अर्थ नसतो. त्याऐवजी असं विचारावं: सुकी भाकरी आणि सुकं मटण, जवळ पाणी न ठेवता, घरातल्या इतरांच्या वेगाने खाता का? हे घरी करून बघायचं नाही, फक्त प्रामाणिक उत्तर द्यायचं. लक्षणं आणि आतली सूज यांचा मेळ कच्चा असतो. त्रास कमी होऊनही सूज तशीच असू शकते, आणि सूज गेली तरी जुन्या अरुंदपणामुळे घास अडत राहू शकतो. बायोप्सीशिवाय दोन्हीतला फरक कळत नाही.

रक्तातले ईओसिनोफिल वाढले होते, जंताचं औषध घेतलं, ते उतरले. म्हणजे बरं झालं ना?

नाही. रक्तातला आकडा आणि अन्ननलिकेतला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागात जंत, दमा, त्वचेची ॲलर्जी यांमुळे रक्तातले ईओसिनोफिल सर्रास वाढलेले असतात. उलट ईओईच्या कित्येक पेशंटच्या रक्तात ते नॉर्मल असतात. जंताचं औषध घ्यायला हरकत नाही, पण त्याने या आजाराचा निकाल लागत नाही.

दुर्बिणीत 'नॉर्मल' लिहिलंय. मग?

तुकडे घेतले होते का ते बघा. ईओईत आत उभ्या रेघा, कडी, पांढरे ठिपके दिसतात, पण काही जणांत अन्ननलिका डोळ्यांना साफ दिसते. म्हणून संशय असेल तर ती नॉर्मल दिसली तरी वरच्या आणि खालच्या भागातून मिळून निदान सहा तुकडे घ्यायला हवेत. सूज सगळीकडे सारखी नसते. वरचे आणि खालचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत जावेत. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये 'ईओसिनोफिल आढळले' एवढ्यावर भागत नाही, आकडा हवा. पुढच्या वर्षी तुलना करायची ती त्या आकड्याशीच.

हा कॅन्सर होईल का? की कॅन्सरच आहे?

ईओईमुळे अन्ननलिकेचा कॅन्सर वाढतो असा पुरावा नाही. पण उलट बाजूने जपायला हवं. वय चाळीस-पन्नासच्या पुढे, तंबाखू किंवा मिश्री कित्येक वर्षांची, घास अडायला लागून दोन-तीन महिनेच झालेत, वजन उतरतंय, आणि आधी भाकरी अडायची ती आता पेजही अडते, असं चित्र असेल तर ईओईचा विचार नंतर. आधी कॅन्सर नाही ना ते बघायचं, आणि तेही याच आठवड्यात. ईओईचा त्रास बहुधा वर्षानुवर्षांचा आणि येऊन-जाऊन असतो, वजनही सहसा टिकतं. तंबाखूचा धोका मात्र ईओई असो नसो, तेवढाच.

औषधं कोणती? आयुष्यभर घ्यायची?

तीन वाटा आहेत: पित्ताची गोळी (ओमेप्राझोल-पॅन्टोप्राझोलसारखी), अन्ननलिकेच्या भिंतीवर काम करणारं स्टेरॉइड, किंवा पथ्य. कुठली घ्यायची ते आवडीनिवडीवर, खर्चावर आणि अन्ननलिका किती अरुंद झाली आहे त्यावर ठरतं.

पित्ताच्या गोळीचं नाव ऐकून लोक हिरमुसतात, 'ती तर घेतच होतो!' पण ती इथे फक्त आम्ल कमी करत नाही, ईओसिनोफिलना बोलावणारे सिग्नलही दाबते. पुरेशा डोसमध्ये, बहुधा दिवसातून दोनदा, आठ ते बारा आठवडे सलग घेतली तर चाळीस-पन्नास टक्के पेशंटची सूज उतरते. जळजळ झाली की एखादी, अशी घेतलेली गोळी यात धरायची नाही.

स्टेरॉइड म्हणजे बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, दम्याच्या पंपात असतं तेच; फक्त ओढायचं नाही, गिळायचं. तयार गोळी जिथे मिळत नाही तिथे नेब्युलायझरच्या बुडेसोनाइडची कुपी मधासारख्या दाट पदार्थात कालवून चाटायला देतात, म्हणजे ते अन्ननलिकेच्या भिंतीला धरून राहतं. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. रात्री झोपताना घेणं सोयीचं पडतं.

युरोपात 204 पेशंटवर झालेली चाचणी 2020 मध्ये आली. सूज पूर्ण उतरलेल्यांपैकी काहींचं बुडेसोनाइड चालू ठेवलं, काहींना नकली गोळी दिली. 48 आठवड्यांनी औषधवाल्यांतले सुमारे 75 टक्के ठीक होते. नकली गोळीवाल्यांतले अवघे साडेचार टक्के. 'आता बरं वाटतंय, सोडू का' या प्रश्नावर याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही. डोस कमी करता येतो, पण तो डॉक्टरांशी बोलून आणि पुन्हा तुकडा तपासून.

ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मे 2022 मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. आठवड्याला एक. चाचण्यांत 24 आठवड्यांनी सुमारे 60 टक्के लोकांची सूज उतरली. ते महाग आहे, आणि आधीचे उपाय चालले नाहीत तरच बहुधा त्याचा विषय निघतो.

स्टेरॉइड म्हणजे हाडं ठिसूळ, शुगर वाढणार, तोंड सुजणार?

ती भीती मुख्यतः रोज घ्यायच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीची आहे. गिळलेलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन रक्तात जाण्याआधी यकृतात बरंचसं मोडून जातं. नेहमी दिसणारा दुष्परिणाम म्हणजे तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी. ती औषधाने जाते. दम्याचा पंप, नाकातला स्प्रे आणि हे, अशी तीन-तीन स्टेरॉइडं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना तिन्ही दाखवा. बेरीज कुणीतरी करायला हवी.

पथ्यावर भागेल का? दूध म्हशीचं चालेल?

पथ्याने भागतं, पण ते मुगाची खिचडी आणि तेल-तिखट बंद असलं पथ्य नाही. इथे तिखट, तळलेलं, आंबट याचा काही संबंध नाही. संबंध प्रथिनांचा आहे. मूळ पद्धतीत सहा गट बंद करतात: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखी कवचाची फळं, आणि मासे (कोळंबी-खेकड्यासह). 2023 मध्ये अमेरिकेत 129 प्रौढांवर तुलना झाली. सहाही गट बंद करणाऱ्यांतल्या 40 टक्के लोकांची सूज उतरली, आणि फक्त दूध बंद करणाऱ्यांतल्या 34 टक्के लोकांची. फरक नगण्य. म्हणून आता सुरुवात एकट्या दुधापासून करणं शहाणपणाचं.

म्हशीचं, शेळीचं, देशी गाईचं, ए-टू लिहिलेलं, लॅक्टोज काढलेलं, यांतलं काहीच चालणार नाही. सगळ्यांतली प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. दही, ताक, पनीर, खवा, पेढा, श्रीखंड सगळं बंद. साजूक तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून चाचणीच्या काळात तेही नाही. कृष्णाकाठच्या दुधाच्या पट्ट्यात हे पाळणं म्हणजे परीक्षाच आहे. खरी अडचण जेवणात येत नाही, ती येते चहाच्या वेळी. दिवसाचे चार-पाच चहा कोरे करता आले तर पुढचं सोपं आहे.

गहू बंद करायची वेळ आली तर जत-आटपाडीकडच्या माणसाला फारसं जड जात नाही. ज्वारी-बाजरी घरात असतेच. मात्र अन्ननलिका अरुंद असेल तर तीच कडक भाकरी अडते, तेव्हा कालवणात भिजवून. आणि हिंगाच्या डबीमागचं बारीक अक्षर वाचा. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि फोडणी तर रोजच पडते.

शेंगदाणा बंद करणं सांगलीकराला सगळ्यात अवघड. कूट भाजीत, चटणीत, कोशिंबिरीत. भडंगात तर अख्खे दाणे. लाकडी घाण्याच्या शेंगतेलातही प्रथिन राहतं, तेव्हा ते नको. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास नसतं. तरी चाचणीच्या काळात सूर्यफूल किंवा करडई वापरली की शंकाच नको.

निदान सहा ते आठ आठवडे पथ्य, मग दुर्बीण. सूज उतरली तर बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे आणि प्रत्येकानंतर पुन्हा तपासायचं. हे कंटाळवाणं आणि खर्चिक आहे, म्हणून ते मधेच सोडणारे पुष्कळ. सोडलंत तरी चालेल, पण मग औषधाकडे या, मोकळं राहू नका. आणि दूध कायमचं गेलं तर नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाज्या ताटात वाढवा.

ॲलर्जीच्या टेस्टने कुठला पदार्थ ते कळणार नाही का?

कातडीवरच्या किंवा रक्ताच्या टेस्टवरून ईओईचा दोषी पदार्थ भरवशाने सापडत नाही. ही झटकन पुरळ आणणारी ॲलर्जी नव्हे. शंभर पदार्थांच्या महागड्या पॅनेलवर पैसे घालवू नका.

अन्ननलिका 'फुगवायला' सांगितलंय. फाटेल का?

फुग्याने किंवा नळीने ती हळूहळू रुंद करतात, एका बैठकीत थोडीच. 15 ते 18 मिलिमीटरपर्यंत नेली की बहुतेकांना भाकरी नीट जाते. पूर्वी फाटण्याची भीती मोठी होती. आता सावकाश करण्याच्या पद्धतीमुळे हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. एक-दोन दिवस छातीत दुखतं, ते अपेक्षित आहे. दुखणं वाढत गेलं, ताप आला, मानेची कातडी दाबल्यावर चरचरली, तर रात्र असली तरी परत या.

रुंद केल्याने सूज मात्र जात नाही. जेवण सुधारतं, म्हणून लोक औषध सोडतात आणि पुन्हा तिथेच येतात.

घास अडकला तर घरी काय करायचं?

श्वास घेता येतोय, बोलता येतंय, पण छातीत घास बसलाय, तर तो अन्ननलिकेत आहे. जेवण थांबवा, ताठ बसा. थुंकी गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर थांबायचं नाही. दुर्बिणीची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच. थुंकी उतरत असेल आणि तासा-दोन तासांत घास सुटला नाही, तरी जायचंच.

वरून केळं गिळणं, भाताचा गोळा ढकलणं, हे करू नका. माशाच्या काट्याला वापरायची ती युक्ती इथे त्या अडकलेल्या घासावर दुसरा घास बसवते. घशात बोटं घालून ओकारी काढणं तर मुळीच नको. सुजलेली, ताठर अन्ननलिका जोराच्या ओकारीने फाटू शकते. याच कारणाने अरुंद अन्ननलिकेच्या माणसाने पंचकर्मातलं वमन घेऊ नये. वैद्यांना आजार आधी सांगावा. कोल्ड्रिंकने सुटतो असंही ऐकू येतं. नेदरलँड्समधल्या चाचणीत कोला प्यायलेल्यांचा घास न प्यायलेल्यांपेक्षा जास्त सुटला नाही.

आणखी एक, फार वेळा राहून जाणारी गोष्ट. घास काढतानाच किंवा थोड्या दिवसांनी, पण तुकडे घ्यायला सांगा. मटणाची फोड निघाली, पेशंट हसत घरी गेला आणि निदान पुन्हा चार वर्षं लांबलं, असं होतं. मोठ्या माणसात घास अडकून इमर्जन्सीत येण्यामागे ईओई हे नेहमीच्या कारणांपैकी एक आहे.

मुलांना होईल का?

जवळच्या नात्यात शक्यता थोडी जास्त असते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. सरसकट तपासणी नको. मूल जेवायला फार वेळ लावतंय, वारंवार ओकतंय, घन पदार्थ टाळतंय, तर मुलांच्या डॉक्टरांना घरातला ईओई सांगा.

एकदा कंट्रोल झाल्यावर किती वर्षांनी दाखवायचं?

औषध बदललं की साधारण आठ ते बारा आठवड्यांनी, पथ्य बदललं की वर सांगितल्याप्रमाणे निदान सहा ते आठ आठवड्यांनी, दुर्बीण आणि तुकडे. स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा तरी भेट. पुढची दुर्बीण केव्हा ते तुमच्या अन्ननलिकेवर ठरेल. दोन-दोन वर्षं फिरकतच नाहीत त्यांची अन्ननलिका पुन्हा अरुंद झालेली जास्त सापडते.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी जुने रिपोर्ट घेऊन जावेत: दुर्बिणीचे फोटो, ईओसिनोफिलचे तारीखवार आकडे, कुठलं औषध किती डोसने किती महिने घेतलं ते, आणि रुंद केली असेल तर किती मिलिमीटरपर्यंत. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही पॅथॉलॉजी लॅबकडून मागून घेता येतात. नव्या डॉक्टरांना फक्त 'पित्ताचा त्रास आहे' असं सांगितलंत, तर गोळी तीच मिळेल आणि तुकडे पुन्हा राहून जातील.